सुरुंगबावीत उतरलेली नागुबाई

देगलूरकडच्या पोरी पंचमीला झोके खेळायच्या, तेव्हा नागूचा झोका आला की खाली उभ्या असलेल्या बायका डोळे झाकून घ्यायच्या. ती झोका असा चढवायची की दोर आडवा व्हायचा, फांदी कुरकुरायची, आणि वरून ही पोरगी "अम्मो!" करून ओरडायची. ते भ्यायचं ओरडणं नव्हतं. माहेर तेलंगी मुलखाला चिकटून, त्यामुळं जीव हरखला की तिच्या तोंडातून अम्माच बाहेर पडायची.

अशा पोरीला नशिबानं नवरा दिला तो ग्यानोबा. उदगीरच्या बाजूला मुगनाळ नावाचं गाव, तिथला हा शेतकरी. माणूस सोन्यासारखा. नांगराचा तास काढला तर सुतात, बोलणं मऊ, बायकोवर कधी आवाज चढवला नाही. पण शिडीच्या दुसऱ्या पायरीवर गेला की ह्याचे डोळे फिरायचे. त्यामुळं त्या घरात माळवदावर माती टाकायला बायको चढायची, चिंचा झोडायला बायको चढायची, आणि ग्यानोबा खाली बुंध्याला दोन्ही हातांनी धरून उभा राहायचा, जणू झाडच पडणार होतं.

"अवो, सोडा त्याला," ती वरून म्हणायची. "झाड कुठं न्हाई जात."

"तू उतर आधी," तो खाली बघतच सांगायचा.

अशीच वर्षं गेली. लेकी उजवल्या, नागूची नागुबाई झाली, केसांत रुपेरी तार दिसू लागली. माणसानं आता देवधर्म करावा, नातवंडं खेळवावीत, असं वय. आणि नेमक्या त्याच वयात नागुबाईच्या जिवाला खरा झोका सापडला.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. आधी साध्या कागदासाठी उस्मानाबादेला हेलपाटे घालावे लागायचे. आता लातूर जवळ आलं म्हणून लोक खूश होते. पण जिल्हा जवळ आला आणि पाणी लांब गेलं. पावसानं पाठ फिरवली ती फिरवलीच. आड आटले, ओढ्यातले झरे आटले, बौद्धवाड्याची विहीर आटली. राहिली फक्त गावाबाहेरची थोरली बाव.

ही बाव फार जुनी. तांबड्या जांभ्या दगडात खोदलेली, चौकोनी, आणि खोल म्हणजे किती, तर वरून बघणाऱ्याला आधी अंधार दिसायचा आणि मग बऱ्याच वेळानं तळ. काठावर मोटेचे दगडी खांब अजून उभे होते. त्या उन्हाळ्यात दोन्हीकडच्या घागरी या एकाच बावीवर येऊ लागल्या, रांगा मात्र दोन, एक गावाची आणि एक बौद्धवाड्याची. तळाला पाणी उरलं होतं ते नावाला. एका बाजूच्या दगडातून पाझरायचं, वाटीभर डबकं साचायचं. बादली बुडायची नाही. कुणीतरी खाली बसून लोट्यानं घागर भरायची, मग वरच्यांनी ओढायची. हे काम गावातला शिवलिंग करायचा. एके सकाळी त्याची कंबर अशी धरली की त्याला खाटेवरून उठवेना.

काठावर बाप्ये जमले. एकमेकांकडं बघू लागले. कुणाला अचानक शेतातलं काम आठवलं, कुणाला दमा आठवला.

"मी उतरते," नागुबाई म्हणाली.

सरपंच गुरुबसप्पा हसले. "वैनी, बाईमाणूस बावीत उतरलेलं कुणी बगितलंय का?"

"आज बगा की मग."

ग्यानोबाचा चेहरा पांढरा पडला. "आगं, तुला काई झालं तर?"

"तुमी दोर धरा. तुमी धरल्यावर मला काय होतंय?"

तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट खोवला. मोटेचा जुना नाडा खांबाला वेढा मारून घेतला, त्याची बैठक केली, आणि पाय बावीत सोडून बसली. दोराला चारपाच जण लागले. पुढं ग्यानोबा, बावीकडं पाठ करून, कारण बघणं त्याला शक्यच नव्हतं. सगळ्यांत मागं बौद्धवाड्यातली सरजाबाई. खडी फोडून फोडून तिचे हात असे झाले होते की तिनं धरलेली वस्तू तिच्या मर्जीशिवाय सुटत नसे. ती रांग सोडून आली आणि कुणाला न विचारता दोर धरला.

नागुबाई काठावरून घसरली.

पहिल्या क्षणी पोटात गोळा उठला. मग तो गोळा वर छातीत आला, गळ्यात आला, आणि हसू होऊन बाहेर पडला. पायाखाली काही नाही! भिंती हळूहळू वर चालल्यात, त्यांतली कबुतरं फडफडून तिच्या तोंडापुढून उडतायत, डोक्यावरचं आभाळ रुमालाएवढं होत चाललंय, आणि आपण भोवऱ्यासारखं हलकं हलकं गोल फिरतोय. "अम्मो!" ती ओरडली. बावीनं तो शब्द घेतला, चारी भिंतींवर आपटला आणि दहा नागुबाया करून परत दिला. त्यावर तिला आणखी हसू आलं. ते हसणं घुमत घुमत वर आलं तेव्हा काठावरच्या बायकांचे हात कानांवर गेले.

"वारं आलं तिच्या अंगात," कुणीतरी म्हणालं.

"वारं कसलं?" सरजाबाई दोर सोडत सोडत म्हणाली. "मज्जा वाटायली तिला."

त्या दिवसापासून घागरी भरणं हे नागुबाईचं काम झालं. लोक म्हणायचे बिचारी गावासाठी राबते. बिचारी पहाटेच तयार होऊन बसलेली असायची.

तळाशी बसून बसून तिला बाव कळायला लागली. एकदा तिच्या लक्षात आलं की पाझराजवळ मान नेली की गार लागतं. ओलीचा गारवा नव्हे, वाऱ्याचा. दुसऱ्या दिवशी तिनं कंदील नेला. ज्योत सरळ उभी राहीना, एका अंगाला झुकू लागली. तिथले दगड नीट बघितले तर ते खडकातले नव्हतेच, कुणीतरी रचलेले होते. तिनं सरजाबाईला खाली बोलावून घेतलं. दोघींनी दगड हलवले, आणि मागं एक तोंड उघडलं. वाकून जाता येईल एवढा भुयारी रस्ता.

दोघी कंदील पुढं धरून गुडघ्यांवर आत गेल्या. भुयार वळलं, पुन्हा वळलं, आणि एकदम संपलं. समोर जमीनच नव्हती. एक काळंकुट्ट भोक सरळ खाली गेलेलं. सरजाबाईनं खडा टाकला. दोघी कान देऊन बसल्या. खडा कुठंतरी आपटला, मग गप्प झाला, मग पुन्हा आपटला. आणि मग, फार खालून, डुबुक.

दोघींनी एकमेकींच्या गळ्यात हात टाकले, आणि ती जागा तशी नाचण्याजोगी नव्हती तरी बसल्या बसल्या नाचल्या.

म्हातारे म्हणाले, ही सुरुंगबाव. बिदरच्या बादशाहीत खोदणारे होते, जमिनीच्या पोटातून पाणी वळवायचे, हे त्यांचंच काम असणार. गुरुबसप्पा बस धरून लातूरला गेले. नव्या कचेरीत टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. साहेबलोक उभ्यानंच कागद बघत होते. तिथून त्यांनी भूजलवाल्यांचा एक तरुण माणूस आणला. शेषेराव सोनकांबळे. हदगावचा, बौद्ध घरातला, बाप प्राथमिक शाळेत मास्तर. कॉलेजात असताना तो हिमालयात जाऊन कड्यांवर चढायला शिकला होता, आणि मराठवाड्याच्या सपाटीत नोकरी लागल्यापासून बिचाऱ्याला चढायला काही मिळालं नव्हतं. एसटीतून उतरला तो खांद्यावर दोराची वेटोळी घेऊनच. पांढरा नायलॉनचा दोर, त्यात निळे धागे. बायका पैठणी बघावी तशा तो हात लावून बघू लागल्या.

"कोण उतरलं होतं आत?" त्यानं विचारलं.

लोकांनी नागुबाईला पुढं केलं.

"मावशी, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की. वर यायचं म्हणून."

तो असा हसला की तिला त्याच क्षणी तो आपला वाटला. गावात एकानं म्हटलंच, "नागुबाई आन शेषेराव! नाग आन शेष दोगंबी पाताळात चालले, आता पृथ्वी कोण धरणार?"

"मी हाय," सरजाबाई म्हणाली.

सरपंचांनी साहेबाच्या जेवणाची सोय शाळेच्या ओसरीवर केली होती, एकट्याची. का, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. नागुबाईनं ताट उचललं. "ह्येनं बांधलेल्या गाठीवर उद्या माझा जीव लटकणार, आन जेवायला ह्यो भायेर?" शेषेराव ग्यानोबाच्या शेजारी बसून जेवला. ग्यानोबानं आग्रह करून त्याला आणखी एक भाकरी खायला लावली आणि हळूच विचारलं, "साहेब, ती दोरी तुटत तर न्हाई ना?"

मग लिंबाच्या झाडाखाली शाळा भरली. शेषेरावानं आपल्या पट्ट्याचं माप दाखवलं. नागुबाईनं खाटेची नवार काढून तसाच पट्टा शिवला, मांड्यांखालून आणि कमरेवरून घट्ट बसणारा. आठासारखी दिसणारी गाठ तो सकाळभर तिच्याकडून घालून घेत राहिला, डोळे उघडे ठेवून, मग मिटून. दोर पट्ट्याच्या कडीतून वळवून घेतला की हाताच्या पकडीवर कसं सावकाश उतरता येतं, आणि वर यायला दोन छोटे फास, एकावर बसायचं, दुसरा सरकवायचा, मग दुसऱ्यावर उभं राहायचं, पहिला सरकवायचा. "आळी चढते तशी," नागुबाई म्हणाली आणि लिंबावर आळी होऊन चढली.

"दोन गोष्टी ध्यानात ठेवा," तो म्हणाला. "दोर एकाच ठिकाणी कधी बांधायचा नाही. एक जागा उखडली तर दुसरीनं धरलं पाहिजे. आणि दगडाच्या धारेवर दोर टाकायचा तर खाली पोत्याची घडी पाहिजे. धार दोराला खाते."

"आन तिसरी," सरजाबाई म्हणाली, "पोटात काई ठिवून जायचं न्हाई." पण ते नागुबाईनं ऐकलं नाही.

ठरलं ते असं. शेषेराव पुढं जाणार. भुयाराच्या टोकाला, दुसऱ्या भोकावर, सरजाबाई सांभाळायचा दोर धरून बसणार. वर काठावर ग्यानोबा. खालचा आवाज वर पोचत नव्हता, म्हणून नागुबाईच्या कमरेपासून एक लांब सुतळी, भिंतीत ठोकलेल्या खिळ्यांच्या कड्यांतून ओवून, थेट वर खांबापर्यंत नेली आणि तिला बैलाची घुंगुरमाळ बांधली. एक झटका म्हणजे थांबलोय, दोन म्हणजे ठीक हाय, तीन म्हणजे ओढा. ग्यानोबाला घुंगुरमाळेशेजारी बसवला. बावीकडं बघायचं कारण नाही, नुसतं ऐकायचं. त्याला हे काम पसंत पडलं.

दुसऱ्या भोकात शेषेरावानं एका फटीत लोखंडी पहार ठोकून बसवली, शेजारच्या दगडाच्या उंचवट्याला दुसरा वेढा दिला, धारेवर पोतं टाकलं आणि दिसेनासा झाला. थोड्या वेळानं त्याची शीळ आली. मागोमाग नागुबाई. वर दोन झटके. घुंगरं छुन्नछुन्न वाजली आणि ग्यानोबानं श्वास सोडला.

ते भोक अरुंद होतं. दोन्ही बाजूंना पाठ आणि पाय टेकत उतरता येत होतं. तळाला एक चिंचोळा कट्टा, आणि कट्ट्याच्या कडेला तिसरं भोक. शेषेरावानं त्यात बॅटरी मारली. उजेड भिंती शोधत गेला आणि त्याला भिंतीच सापडेनात. खाली ते घंटेसारखं पसरत गेलं होतं.

"वरचा दगड टणक आहे," तो कुजबुजला, देवळात बोलावं तसा. "खाली मऊ माती होती. ती पाण्यानं पोखरून नेली. मावशी, हे माणसानं खोदलेलं नाही. खोदणारे इथवर आले आणि त्यांना हे आयतं सापडलं."

नायलॉनचा दोर संपला होता. राहिला होता तो उदगीरच्या बाजारातून आणलेला पिळाचा दोर, नवा, जाडजूड. शेषेराव त्याच्यावरून गेला, जाता जाता जिथवर भिंत होती तिथवर तिला पाय लावत. सावकाश. मग त्याचा आवाज आला. "पोचलो! मावशी, पाणी! या, पण भिंतीवरचे पाय सोडू नका!"

ते बोलणं पोकळीनं असं घोळवलं की नागुबाईला फक्त "पाणी" आणि "या" एवढंच ऐकू आलं. ऐकू आलं असतं तरी तिनं काय केलं असतं, देव जाणे. ती कट्ट्यावरून उतरली, भिंतीला दोन्ही पाय लावले, खालच्या त्या अफाट काळ्या पोकळीकडं बघितलं, आणि तिनं मोठ्या आनंदानं भिंतीला लाथ मारून स्वतःला पोकळीत झोकून दिलं.

"अम्मो!"

नव्या दोरावर ओझं आलं की तो पीळ सोडतो. त्यानं पीळ सोडला. नागुबाई फिरू लागली. आधी हळू, जत्रेतल्या पाळण्यासारखी. तिला गंमत वाटली. मग जोरात. मग इतकी जोरात की तिच्या पदराचा चक्क पंखा झाला. गळ्यातली बॅटरी गरगरत जाऊन कशावर तरी आपटली आणि विझली. आता वर कुठं, खाली कुठं, काही कळेना. अंधारच फिरतोय, की आपण फिरतोय, की दोघं उलटसुलट? कमरेची सुतळी तिच्याभोवती गुंडाळत चालली, आणि वर, उन्हात, बैलाची घुंगुरमाळ वेड्यासारखी वाजू लागली. एक झटका नाही, दोन नाहीत, तीन नाहीत. पोळ्याला बैल उधळावा तशी. मग सुतळी तुटली आणि घुंगरं गप्प झाली.

खाली शेषेराव ओरडत होता. "हात पसरा मावशी! हात पाय पसरा! झाडासारखे!"

तिनं हात पसरले. फिरणं मंदावलं. त्यानं दोराचं खालचं टोक ताणून धरलं. फिरणं थांबलं. तिनं देवाचं नाव घेतलं, आणि दोर उलट्या बाजूनं फिरू लागला.

दुसऱ्या वेळी मात्र नागुबाईला हसू आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला उंचीचं भय वाटलं, गार, बोटांच्या टोकांपर्यंत. तिला आपल्या लेकी दिसल्या, चूल दिसली, झाडाचा बुंधा धरून उभा असलेला नवरा दिसला. आणि मग सकाळची भाकरी, पिठल्यासकट, तिच्या पोटातून निघाली आणि सरळ खाली गेली.

खालून पाण्याचा आवाज काही आला नाही.

"साहेब?" ती क्षीण आवाजात म्हणाली. "तुमच्यावर पडलं का काई?"

"पडलं," शेषेराव म्हणाला. "चला, दुष्काळात एवढा तरी पाऊस आला."

त्यावर ती लटकल्या लटकल्या अशी हसली की पोटात कळ आली, आणि भय त्या हसण्याबरोबर निघून गेलं. ती उतरली. तिचे पाय पाण्यात पडले. गार, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. शेषेरावानं बॅटरी फिरवली. मोठ्या देवळाच्या सभामंडपाएवढी जागा आणि तिच्यात काळं, स्वच्छ, हलतसुद्धा नसलेलं पाणी. नागुबाई त्यात बसलीच. ओंजळीनं प्यायली, डोक्यावर ओतून घेतलं. शेषेराव सदऱ्यावरची भाकरी धुवत हसत होता, ती हसत होती, आणि दोघांचं हसणं त्या पोकळीत फिरून फिरून शेकडो माणसांचं झालं होतं.

इकडं वर घुंगरं बंद पडली तेव्हा ग्यानोबा उठून उभा राहिला होता. "तीनदा वाजली का?" त्यानं विचारलं. कुणालाच सांगता येईना. त्यानं दोर उचलला, कमरेला बांधला, बायकोची आठाची गाठ तिनं कशी घातली होती ते आठवून आठवून घातली, डोक्याचा पटका सोडून डोळ्यांवर घट्ट आवळला आणि गुरुबसप्पांना म्हणाला, "सोडा मला."

"ग्यानोबा, तुमाला तर शिडीबी..."

"सोडा मनलं न्हवं!"

असा आवाज मुगनाळनं त्याचा कधी ऐकला नव्हता. लोकांनी सोडला.

भुयाराच्या टोकाला बसलेल्या सरजाबाईनं सांगितलेली हकिगत अशी: आधी खरखर असा आवाज आला, मग रांगत रांगत एक धोतर आलं, मग डोळ्यांवर पटका बांधलेला माणूस, गुडघे सोलवटलेले, तोंडानं "आगं, आगं, आगं" चाललेलं. त्याला तिनं हाताला धरून भोकाच्या काठापासून मागं ओढलं नसतं तर तो तसाच पुढं रांगत गेला असता.

"आगं, हायेस का?" तो भोकात ओरडला.

बऱ्याच वेळानं, फार खालून, "हाय! अवो, तुमी हितं कसे?"

ग्यानोबा भिंतीला टेकून बसला आणि लहान लेकरासारखा रडला. सरजाबाईनं कमरेची चंची सोडून त्याला पान लावून दिलं. रांगेचा, वाड्याचा, कशाचाच विचार त्या अंधारात दोघांनाही सुचला नाही.

नागुबाई आळी होऊन वर आली, भिजलेली, पिंजारलेली, तोंड झळाळत असलेली. तिनं नवऱ्याच्या डोळ्यांवरचा पटका सोडला.

"आन आता वर कसे जाणार?"

"ते मला काय ठावं?" ग्यानोबा म्हणाला. "मी नुसता यायचाच इचार केला."

त्याला सगळ्यांत शेवटी काढला. नवारीच्या पट्ट्यात बसवून, त्याचाच पटका पुन्हा डोळ्यांवर गुंडाळून, अर्धं गाव दोराला लागलं. मधेच पटका सरकला. काठावरच्यांना वाटलं आता हा ओरडणार. पण त्यानं वर बघितलं, चौकोनी आभाळ मोठं मोठं होत येताना बघितलं, आणि ओढणाऱ्यांना म्हणाला, "जरा सावकाश की."

पाणी वर आणायची युक्ती शेषेरावानं बसवली. खालच्या पाण्यापाशी दोघी, कट्ट्यावर दोघी, भुयारात चौघी आणि वर काठावर जो येईल तो. पोहरा भरायचा, चाकावरून ओढायचा, वरच्या हंड्यात ओतायचा, पुढं सरकवायचा. नागुबाई आणि सरजाबाईनं दोन्हीकडच्या बायका शिकवून तयार केल्या. लिंबाखाली आठाच्या गाठी पडू लागल्या. भांडी घासता घासता बायका पदराच्या टोकाला गाठ घालून बघायच्या. पिळाचा दोर आधी ओझं बांधून रात्रभर लोंबकळत ठेवायचा, म्हणजे त्याची मस्ती जिरते, हेही शिकले सगळे. विशेषतः नागुबाई.

गुरुबसप्पांना एक शंका आली. "वैनी, पाणी एवढ्या हातांतून येतंय. कुणाचा हात कुठं लागला, कसं कळावं?"

"अंधारात हात दिसत न्हाईत, सरपंच," नागुबाई म्हणाली. "तुमी उतरा, बगा, आन मला सांगा."

सरपंच उतरले नाहीत. दोन रांगांची मात्र एक रांग झाली, कारण एकाच दोराला हात लावून उभं राहिल्यावर दोन रांगा करायला जागाच उरत नव्हती. सगळे खूश होते असं नाही. काही घरांनी पुढं पुन्हा आपली वेगळी घागर लावलीच. पण त्या पाण्यानं मुगनाळला दुष्काळातून तारलं हे खरं. शेषेरावानं लातूरला अर्ज करून करून विजेचा पंप मंजूर करून घेतला. पंप आला तेव्हा पाऊस पडून बाव काठोकाठ भरली होती. तरीही लोकांनी त्याची पूजा केली, हार घातला आणि शाळेत ठेवून दिला.

पण नागुबाईचं नाव झालं होतं. औशाच्या बाजूला एका आडात गाईचं वासरू पडलं, बोलावणं आलं. निलंग्याकडं बारवेत कुणाच्या लग्नातली समई पडली, बोलावणं आलं. नागुबाई आणि सरजाबाई एसटीत दोराची वेटोळी मांडीवर घेऊन बसायच्या, कंडक्टर विचारायचा "मावशी, कुठं फाशी द्यायला निघालात का?" आणि दोघी अख्खी बस हसवायच्या. ग्यानोबा सोबत असायचाच. काठावर बसून दोर धरायचा. पाठ आता बावीकडं नसायची. एक डोळा उघडा ठेवायचा.

शेषेरावाची बदली नांदेडला झाली, आणि पुढच्या वर्षी त्याच्या लग्नाची पत्रिका आली. तिघंही हदगावला निघाले. वाटेत नांदेडला उतरल्यावर तो त्यांना गोदावरीवरचा विष्णुपुरीचा बांध दाखवायला घेऊन गेला. नागुबाई कठड्यावरून अशी ओणवली की शेषेरावानं एक हात धरला आणि ग्यानोबानं दुसरा.

"हितून दोर सोडला तर?" तिचे डोळे चमकत होते.

"मावशी, माझी नोकरी जाईल."

"तुझी नोकरी सोमवारी. आज तर ऐतवार हाय."

हदगावात मांडवात पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटली होती. वंदना झाली, पुष्पहार झाले. शेषेरावाच्या आईनं ही तीन अनोळखी माणसं बघून चौकशी केली. "तुमी कोणाकडून? कोण लागता आमच्या शेषूचे?"

सरजाबाई नागुबाईकडं बघू लागली.

"आमी एका दोरावरचे," नागुबाई म्हणाली.

मायनं तिला हाताला धरून पुढच्या रांगेत, आपल्या शेजारी, नेऊन बसवलं. संध्याकाळी ढोलकी निघाली तेव्हा नागुबाई आणि सरजाबाई अशा फुगड्या खेळल्या की मांडवातली पोरं मोजायचं विसरून नुसती टाळ्या पिटत राहिली. सुटल्यावर दोघी दोन दिशांना जाऊन पडल्या आणि कुणी उठवेपर्यंत आभाळाकडं बघत हसत राहिल्या.

गावी परतले त्या दिवशी दारात एक माणूस बसलेला होता. अहमदपूरकडून आलेला, डोळे सुजलेले. त्याची म्हैस आडात पडली होती, गाभण, अजून जिवंत. नागुबाईनं डोक्यावरची पिशवी खाली ठेवली, तांब्याभर पाणी प्यायली.

"आड किती खोल हाय?" तिनं विचारलं.

"लई खोल हाय बाई. वरून दिसतसुदीक न्हाई."

"आसं का," ती म्हणाली, आणि ग्यानोबानं न सांगता खुंटीवरचा दोर काढून खांद्यावर घेतला.